नाक्याचा बांबू

शिरोळच्या नाक्यावर तवनाप्पा मगदूम, माझे वडील,
आडवा बांबू आणि उभं रजिस्टर.
अलीकडे कोल्हापूर, पलीकडे कुरुंदवाड,
मधे पंचगंगा, कुठल्याच दरबाराला मुजरा न करणारी.
गुळाच्या ढेपेला अमुक, तंबाखूच्या बोदाला तमुक.
बाळंतिणीला निघालेल्या डिंकाच्या लाडवांनाही
त्यांनी एकदा तागडी लावली होती.
आई ते सांगताना शेवटपर्यंत तोंडाला पदर लावायची.

मग लढाई आली.
इथं तोफ ऐकू आली नाही, विमान दिसलं नाही.
आलं ते रॉकेलचं कुपन,
दोन्ही काठांवर एकाच रंगाचं, फिकं हिरवं.
वडिलांनी उजेडाला धरून पाहिलं.
शिक्का तिसऱ्याच कुणाचा.
म्हणाले, "आयला, नदी आटली की काय?"

विठू कोरवी तिकडचा, बाळगोंडा इकडचा,
कासम मुजावर मिरजेचा.
तीन संस्थानं एका तंबूत,
लांबच्या वाळूत, पाणी पेल्यानं मोजून.
बाळगोंडाचं पत्र आलं:
हितला साहेब आमा तिघास्नी एकाच नावानं हाक मारतोय,
शिवी बी एकच देतोय.
आदी राग आला.
आता आमीच एकमेकाला त्या नावानं बोलावतोय.

एका दुपारी विठूच्या घरची तार
वाट चुकून आमच्या पोस्टात आली.
वडील स्वतः घेऊन निघाले.
बांबूपाशी थांबले, रजिस्टर उघडलं.
मालाचा प्रकार. वजन. दर.
टाक बुडवला, वाळला, पुन्हा बुडवला.
ते पान मी पाहिलंय.
तारीख आहे, बाकी कोरं.

विलीनीकरणाच्या सह्या पुढं झाल्या,
हार, भाषणं, काहींचं रडणं,
आणि ते रडणं खोटं नव्हतं.
वडील म्हणायचे, सही त्या कोऱ्या रकान्यात आधीच झालेली.
मला हे पुरतं पटत नाही.
एक व्हायला कुणी मरावंच लागतं का, विचारलं
तर पानाला चुना लावत बसायचे,
लागायचा त्याहून जास्त वेळ.

एकोणपन्नासच्या मार्चात नाका उठला.
बांबूचं काय करायचं, हुकमात नव्हतं.
वडिलांनी तो खांद्यावर घेतला, नावेत बसले.
मधधारेत पुटपुटले, "बांबूला चार आणे."
नावाड्यानं विचारलं, "कुणाला द्यायचं?"

विठूच्या बापानं तो उभा चिरला,
कांबी काढल्या, बुट्ट्या विणल्या.
एक आमच्याकडं आली.
तिच्यात आम्ही कांदे ठेवायचो.