चाल

रविवारी चार वाजता, फतेहगंज.
केरमानबाई फोनवर एवढंच म्हणाल्या:
एक ब्लूज, एक संथ, आणि एक आम्ही सांगू ते.
मला तिसऱ्याची भीती आहे.

नऊ रात्री कारेलीबागेच्या मैदानावर
गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवला.
दोन सूर, फार तर तीन,
आणि पहिल्या मात्रेवर असा जोर
की मंचाच्या फळ्या उठाव्यात.
आता बोटांना सांगतोय, पहिली सोडा,
दुसरीवर टेका, चौथीवर टेका.
बोटं विकलेल्या म्हशीसारखी
जुन्याच फाटकाशी जाऊन उभी राहतात.

हेमांगी पोळ्या लाटता लाटता विचारते,
"ही चाल कुठल्या गाण्याची?"
गाण्याची नाही, नुसतीच चाल.
चालायचं. एका सुराच्या घरून निघून
चार पावलांत दुसऱ्याच्या घरी,
आणि पोचलो असं दाखवायचं नाही.
"म्हणजे दांडिया बाजारातून कोथिंबीर आणणं," ती म्हणते,
"भेटतात सगळे, थांबायचं कोणापाशीच नाही."
पुस्तकात यावर अकरा पानं आहेत.
तिने पोळी उलटली.

मकरपुऱ्याला मी ट्रान्सफॉर्मर तपासतो.
जोडला की गुणगुणायला लागतो,
सेकंदाला शंभर वेळा, जन्मभर तेच.
माझी सगळ्यात बारीक तार अठ्ठ्याण्णव.
इतकी वर्षं पाळी सुटली की
त्याचा सूर घशात धरून स्कूटरवरून घरी आणत आलो.
मांजलपूरच्या सिग्नलला कोणी पत्ता विचारला
तर हातानेच दाखवायचं.
घरी पोचून चपलेसकट बास घ्यायचा, तार मिळवायची.
म्हणून माझी तार नेहमी केसभर चढी.
नऊ रात्रींत एकाच्याही कानाला लागली नाही.
सोलंकी तर म्हणतो,
"फणसे, एवढं मिळवून काय?
तू वाजवतोस हे तरी कोणाला ऐकू येतं?"

पाचव्या रात्री केबल निसटली होती.
दहा सेकंद मी नव्हतो.
हजार माणसं फिरत राहिली, टाळ्या पडत राहिल्या,
गाणारीने डोळेसुद्धा उघडले नाहीत.
फक्त कडेला, चपला राखत बसलेल्या एका म्हातारीचा
गुडघ्यावर ठेका धरलेला हात
हवेत थांबला,
आणि तिने जमिनीकडे पाहिलं.

सोलंकीला हे सांगितलेलं नाही.

शनिवारी मध्यरात्र. ॲम्प्लिफायर बंद,
बासचं शिंग लाकडी दाराला टेकवलंय.
दार वाजतं, अगदी हळू.
पलीकडे रेवा झोपलीय,
तिच्या उशीखालून बारा खणांचा ब्लूज
चोरपावलांनी जातो, येतो,
नवव्या खणात अडखळतो.
परत.
नववा खण.
परत.
ती आतून म्हणते, "बाबा, तिथे वळा ना एकदाचे."

रविवार. पोर्चमध्ये आणखी दोघे, विशीतले.
एकाच्या बासला पाच तारा, एकाच्या सहा.
माझ्या चारांवर गरब्याचा गुलाल अजून आहे,
नखाने काढत बसलो.

आत पियानो, बाईंइतकाच जुना.
त्यांनी एक पट्टी दाबली.
माझ्या घशातल्या सुराच्या कितीतरी खाली होता तो,
बसून बसून खचलेला.
"हा हवे वर नाही यायचा, दीकरा," त्या म्हणाल्या,
"ओढला तर तुटेल."

मी खुंटी सैल केली.
शंभर गेले, अठ्ठ्याण्णवही गेले.
खाली कुठेतरी, ज्याचा आकडा मला माहीत नाही,
तो आणि मी
एकमेकांवर थरथरायचे थांबलो.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला.
"तिसरं पहिले घेऊ."
आणि चुटकी वाजवायला लागल्या,
दुसरीवर,
चौथीवर.