एका रात्रीची कॅसेट

गेताचू इथियोपियाचा, इंजिनिअरिंगला होता.
रविवारी जामनेर रोडला आमच्या दुकानात यायचा,
काउंटरवर कोपर टेकून विचारायचा, "आली?"
मुंबईच्या व्यापाऱ्याला मी तीनदा लिहिलं.
त्यानं एकदा अरबी धाडलं, एकदा कसलंतरी स्पॅनिश.
गेताचू शेवटपर्यंत ऐकायचा
आणि न घेता जायचा.

मग कळलं, त्यांच्या गाण्यांची एकच कॅसेट
पोरापोरांत फिरते आहे:
हैदराबाद, चंदीगड, पुणे.
एका गावी एक रात्र.
भुसावळला आली ती गार्डाच्या डब्यातून,
आणि आमच्या डबल डेकचं एक हेड
नेमकं गेलेलं.

दोन टेप समोरासमोर ठेवले,
श्वास धरून बसलो.
एक बाई गात होती,
कापसातून सरकी काढावी तसा
एकेक सूर सोडवत.
यार्डात शंटिंग.
आणि जिन्यातून माय:
"बबन्या, ये रे जेवाले,
कळण्याची भाकर थंडी व्हते!"

पुन्हा भरायला वेळ नव्हता.
पहाटेच्या गाडीनं मूळ कॅसेट गेली.

परवा त्याचा फोन, बावीस वर्षांनी.
तिकडेही दुसरी मिळाली नाही म्हणे,
तीच वाजते घरात.
धाकटी लेक ते गाणं म्हणते
आणि बरोब्बर तिथं थांबून
मायची हाक देते, मायच्याच हेलात.
तिला ते कडवंच वाटतं.

अर्थ विचारत होता.
अरे, खाल्लीस की तू त्या रात्री, म्हटलं.
हो, ठेचा आठवतो, म्हणाला.
माय कशी आहे, ते विचारलं नाही त्यानं.
बरं झालं.