साडेतीन वाव

दिवसभर मी माणसांना जॅकेटं घालतो.
देवबागच्या वाळूवर, संगमाच्या तोंडाशी,
कोल्हापूरची, बेळगावची, पुण्याची माणसं.
छातीवरचा पट्टा ओढायचा,
खाली दोन बोटं जातात का बघायचं,
तिसरं जात असेल तर पुन्हा ओढायचा.
घाबरू नका, बुडणार नाही, असं म्हणायचं
आणि पुढच्याकडे वळायचं.

आबा बुडाले घरात,
न्हाणीच्या लादीवर, तांब्याभर पाण्यात.
रात्री दीडला पडले, पहाटे पाचला मला सापडले.
तेवढा वेळ एका कुशीवर,
भिंतीकडे तोंड करून, गप्प.
"हाक कित्याक मारूक नाय?"
"तुझी झोप मोडली आसती."
गुणाजी तांडेलाची हाक म्हणजे
वाऱ्याविरुद्ध तीन होड्या ओलांडून जायची.

मालवणच्या डॉक्टरांनी खुबा दाबून पाहिला,
नशीब म्हणाले, आणि कागदावर लिहून दिलं:
स्टीलची दांडी, कमोडची खुर्ची, रात्रीचा दिवा.
दिवा काय करायचा,
आबांच्या डोळ्यांत काचबिंदू, वर्षभर
दिवस आणि रात्र एकाच रंगाची.

ताईचा म्हापशाहून व्हिडिओ कॉल:
इथे एक चांगलं केंद्र आहे, चोवीस तास नर्स असते.
आबांनी फोन कानाला लावलेला,
तिला दिसत होता फक्त त्यांचा कान.
त्या कानाने सगळं ऐकलं.

माळ्यावर जुन्या नांगराचा दोर होता.
खाटेपासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर बांधला,
साडेतीन वाव भरला.
उंबऱ्याशी एक गाठ,
पायरीशी दोन, दांडीजवळ तीन.
आबा बोटांनी चालू लागले.
रात्री दोर कुरकुरला की
प्रणाली मला कोपराने ढोसायची, "गेले."
मग आम्ही दोघं छताकडे बघत राहायचो
ती "आले" म्हणेपर्यंत.

"ही गाठ वल्या हातात सुटतली."
"तुमच्याकडनंच शिकलो, आबा."
"मगे अर्धीच शिकलंस."

मार्गशीर्षातली एक रात्र. मी पाण्याला उठलो
आणि भिंतीपाशी हात गेला तर दोर नाही.
खाट रिकामी, मागच्या दाराची कडी काढलेली.
टॉर्च घेऊन धावलो आधी समुद्राकडे, मग खाडीकडे.
देवबागात कुठेही धावा, पाणीच लागतं.
आबा, आबा, ओरडलो तर
शेजारच्या होमस्टेचा कुत्रा भुंकला, एका पाहुण्याने खिडकी लावून घेतली.

परत आलो. पडवीत, काळोखात,
मांडीवर दोर घेऊन ते बसले होते.
माझ्या सगळ्या गाठी सोडलेल्या,
अंगठ्याला थुंकी लावून
एकेक नव्याने घालत होते.
मान वर न करता म्हणाले,
"पाय वाजवत चलतंस. मासो पळतलो."

मला तेव्हा रडू आलं की राग, अजून ठरत नाही.
मी नुसता टॉर्च विझवला.

सकाळी दोर पुन्हा लागला, त्यांच्या सांगण्याबरहुकूम.
पण आता तो त्यांच्या खाटेपाशी संपत नव्हता.
पिळात पीळ घालून दुसरा तुकडा सांधलेला,
दाराच्या फटीतून, जमिनीलगत,
थेट आमच्या खाटेच्या पायापर्यंत.
पाच वाव.
"हो कित्याक, आबा?"
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"हाक मारूक माका जमाचा नाय. वडीन."

काल दोन वाजता खाटेचा पाय हलला.
एकदा. मग थांबून पुन्हा,
गळाची चव बघणाऱ्या माशासारखा, हलकेच.
अनवाणी गेलो, पाय न वाजवता.
"काय होया, आबा?"
"काय नाय. गाठ धरता काय, बघलंय."

"धरता," म्हटलं,
आणि तिथेच, त्यांच्या पायथ्याशी,
थोडा वेळ बसलो.