उलटे आटे

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडखाली
शिरगुप्पे डॉक्टरांची लाल दोन-सीटर
चार ठोकळ्यांवर उभी,
पाय काढून ठेवल्यागत.

बोल्टाची चाकं भिंतीला टेकवलीत.
डॉक्टरांना तारांची हवीत,
वडलांच्या फोटोत आहेत तशी.

दस्तगीरमामा हब मिलिंगवर चढवतो.
एक खाच कापायची, थांबायचं,
नख फिरवून बघायचं.
मी मोजत बसतो. मधेच चुकतो.
तो न मोजता म्हणतो, "एक राहिली."

मागचा एक्सल बोटभर लांब निघाला,
चाक मडगार्डला घासतंय.
म्हणजे काढा, कापा, जोडा, परत सरळ करा.
"किती दिवस?" डॉक्टर विचारतात.
मामा चहा बशीत ओततो.

डाव्या अंगाला सुलटे आटे, उजव्याला उलटे.
"पुढं पळंल तसा नट आवळत जातोय," मामा सांगतो,
"मागं मागं न्याल, तर सुटंल."
डॉक्टर मान हलवतात,
खिशातला फोटो पुन्हा बघतात.

ते गेल्यावर, हात रॉकेलनं पुसत
मामा मला हळूच सांगतो:
"त्या फोटोतली चाकं मीच काढलेली.
गगनबावड्याच्या रस्त्यानं तारा तुटायच्या.
म्हातारा रडला नाही, पण
हातोडा मागून घेऊन गेला."

आज तोच हातोडा आलाय, तांब्याचा,
डॉक्टरांच्या डिकीत, फडक्यात गुंडाळलेला.

खाचांना ग्रीस. चाक सरकत आत बसतं.
नटाच्या कानावर पहिला ठोका, दुसरा.
तिसऱ्याला आवाज बदलतो.
चौथा मामा मारत नाही.