ब्याऐंशी पैसे

बाबा ए. जी. ऑफिसातून निवृत्त झाले
तेव्हा दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय
घरी घेऊन आले, जेवणाच्या डब्यासारखी.
सहा वर्षं त्यांना काही सापडलं नाही.
दूधवाला प्रामाणिक, आई त्याच्याहून.
मग मी कॅमेरा घेतला.

एक लाख चौसष्ट हजार.
हप्ता सात हजार तीनशे चाळीस.
जिंसी नाल्यावरच्या आमच्या घरात, ताटं उचलल्यावर,
त्यांनी माझी वही ओढली, हिरव्या शाईचं पेन काढलं.
आक्षेप पहिला : घसारा दाखवलेला नाही.
"याचं शटर किती वेळा उघडतं?"
दोन लाख वेळा, कंपनी म्हणते. मग मरतं.
त्यांनी ओठ हलवत भागाकार केला.
"म्हणजे दर क्लिकला ब्याऐंशी पैसे.
उगाच दाबत बसू नकोस."

आता पाठवणीच्या वेळी
नवरीचा भाऊ गाडीच्या काचेला हात लावून चालू लागतो
आणि माझं बोट मोजतं :
ब्याऐंशी पैसे, एक चौसष्ट, दोन शेहेचाळीस.
मुरारला एका भावाचा चेहरा फुटला तिथं
मी चाळीस वेळा दाबलं.
बत्तीस रुपये ऐंशी पैसे.
त्यातला एक फोटो आला. एकच.
महाग नाही पडला.

ते खंडेलवालांचं लग्न. ठरले पंचेचाळीस हजार,
आले पस्तीस, उरलेले दहा "अल्बम बघून".
खर्च अडतीस हजार आठशे बेचाळीस.
दोन दिवस उभं राहून, एकोणीस दिवस
रात्री हळदीचा पिवळा कमी करत बसून
मी त्यांनाच तीन हजार आठशे बेचाळीस देऊन आले होते.
अल्बम तयार आहे. काकू फोनवर म्हणतात,
"बेटा, बहू मायके गई है, आने दो."
बहू तीन महिने झाले आलेली नाही.
दहा हजार आलेच, तर दिवसाला पडतात दोनशे त्र्याण्णव.
दिवा धरणारा बन्ने एका रात्रीचे आठशे घेतो.
"व्यवसाय बन्नेचा आहे," बाबा म्हणाले,
"तू त्याच्याकडे नोकरीला आहेस."

भिंडला नवरदेवाच्या मामानं आनंदात बंदूक झाडली,
छर्रे माझ्या पांढऱ्या छत्रीतून गेले. तीन भोकं.
आक्षेप : भरपाई का मागितली नाही?
बाबा, बंदूक त्यांच्या हातात होती.
हा खुलासा त्यांनी मान्य केला.
छत्री तीच वापरते. तेव्हापासून
माझ्या प्रत्येक नवरीच्या डोळ्यातल्या उजेडावर
तीन बारीक काळे तीळ असतात.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.

देवशयनीला देव झोपतात, लग्नं झोपतात.
हप्ता चातुर्मास पाळत नाही.
त्या चार महिन्यांत मी आधार कार्डाचे फोटो काढले,
आणि एका दंतवैद्याच्या दातांचे. त्याच्याच.

मग पौषाआधीची शेवटची तारीख, थाटीपूर,
धुकं इतकं की घोडी दिसत होती, नवरदेव नाही,
आणि बन्नेचा फोन : दुसऱ्या पार्टीनं हजार दिले.
बाबांनी कानटोपी घातली.
रात्री अडीचला फेऱ्यांपाशी
ते दिव्याची काठी धरून उभे,
चौतीस वर्षं साहेबांसमोर उभं राहावं तसे, ताठ.
"बाबा, वर. नाही, डावीकडे. हलू नका."
ते हलले नाहीत.
एका वऱ्हाड्यानं त्यांच्या हातात रिकामा पेला दिला.
तोही त्यांनी धरून ठेवला.

सकाळी वही टेबलावर उघडी होती.
हिरव्या शाईत, ठसठशीत :
मजुरी, दिवे, एक रात्र. आठशे. देणे बाकी.
खाली सही, तारीख, आणि सहीखाली दोन रेघा.

आईनं विचारलं, थंडी नाही ना बाधली?
"त्याचं बिल वेगळं," बाबा म्हणाले
आणि खोकले.