पांढरी सात

हडर्सफील्ड. चॅपलमागचा हॉल, बुधवारची तालीम.
हीटर नुसता ठणठणतो, तापत नाही.
बोगुमिलाबाईंनी पिशवीतून काढला
वडिलांच्या हातचा कागद, चार घड्यांचा,
वर जांभळ्या शाईत: एच मोल.

होल्रॉइड पियानोशी. चष्मा वर, चष्मा खाली.
"बाई, आमची अक्षरं जीपाशी संपतात.
एच कुठून आणू?"
मागच्या बाकावर मला आपलं दुसरंच:
मोल? कशाचं मोल? कुणी लावलं?

बेकरीवाली ओदील पुढे वाकून म्हणाली,
"सी हो, सी! सी मिनर."
होल्रॉइडनं वाजवला सी. त्याचा सी.
बोगुमिलाबाईंनी मान हलवली
मीठ राहिलेली आमटी चाखावी तशी.
पुन्हा सी. पुन्हा मान.
तिघंही बरोबर, आणि सूर चुकलेला.

सांगलीला हसबनीसबाई
पेटी पुढ्यात ओढून विचारायच्या,
"तुझी पट्टी कुठली गं?"
काळी दोन. पांढरी चार.
रंग नि आकडा, बास.
आता मी इथल्या इस्पितळात
दिवसभर पट्ट्याच बांधते,
न भरणाऱ्या पायांच्या जखमांवर.
माझी कुठली, कुणी विचारत नाही.

शेवटी बाई काठी टेकत उठल्या
आणि एक बोट ठेवलं.
"पांढरी सात!"
मी ओरडले. मराठीत.
सगळ्यांच्या माना मागे.

मग सांगावंच लागलं:
सी धरून मोजा. फक्त पांढऱ्या. सातवी.
होल्रॉइडनं मोजल्या, पोरासारखं बोट ठेवत ठेवत.
"हात्तिच्या, बी!"
पट्टी जरा पिवळट, कडेचा टवका गेलेला.
एवढी नावं ठेवली तरी हूं की चूं नाही.

"आणि मोल?"
बाई इंग्रजीत शब्द शोधत राहिल्या.
मग माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरली,
दाबली, सोडली.
मऊ.
गंधार कोमल लावायचा, एवढंच ना!
हे आधी सांगायचं नाही का?

गाणं कुणासाठी लिहिलं होतं, मी विचारलं नाही.
पहिल्याच ओळीला त्यांनी डोळे मिटले.

जाताना होल्रॉइडनं पेन्सिलीनं
एचशेजारी बी लिहिलं, सी खोडला,
आणि कागद माझ्याकडे सरकवला:
"तुमचंही लिहा."
मी ७ काढला.
तो म्हणाला, छान आहे,
मासे धरायचा गळ ना?