घोरा

अमावास्येच्या उधाणाला होडी वर घ्यायची,
पौर्णिमेच्या उधाणाला खाली सोडायची.
मधले पंधरा दिवस आमचे.
त्यातले चार बापाच्या खांद्यानं खाल्ले.

आजवर तो होडी दिवाळ्याच्या चिखलात कलती करायचा,
आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या,
आणि स्वतः उताणा आत शिरून कालवं खरवडायचा.
चुरा डोळ्यांत, राळ केसांत.
यंदा हात कानाच्या वर जाईना.
डॉक्टर म्हणाला, आराम.
बाप म्हणाला, "डाक्तरला सांग, पठाणाला भेग परली हाय."

मी आयटीआयची वेल्डर. तुर्भ्याच्या शेडमध्ये
दिवसभर दुसऱ्यांच्या जिन्यांचे कठडे जोडते.
म्हटलं, उभीच ठेवू होडी. लोखंडाचा घोडा करू.
"घोरा?" बाप हसला. "वर कोन बसनार, तू का होरी?"

लोखंड जमलं ते असं:
गेल्या निवडणुकीच्या फलकाची चौकट,
कोपऱ्यात अजून उमेदवाराचा कान चिकटलेला.
मंडपवाल्या जितूकडचे वाकलेले सहा पाइप.
उचलायला ट्रकचे दोन जॅक, त्यातला एक तेल गाळणारा.
आणि टेकणांना गुंडाळायला रिक्षाचे टायर,
वरून आईची गोधडी.

मापं मी चोख घेतली.
दोरीनं, ओळंब्यानं, पाण्याच्या नळीनं पातळी बघून.
डावं जेवढं, उजवं तेवढंच.
मालकानं रात्री मशीन वापरू दिलं,
रॉडचे पैसे पगारातून कापले.

मग तेवीस माणसं, एक नारळ,
जॅकचा दांडा वीतभर वर, खाली ठोकळा,
पुन्हा वीतभर.
आणि होडी घोड्यावर बसली.
आणि डुगडुगली.

उजवीकडे टेकण घट्ट. डावीकडे दोन बोटं हवा.
मागून कुणीतरी म्हणालं, पोरीचं वेल्डिंग.

मी पुन्हा मापलं. घोडा सरळ होता.
बाप वाकला, त्या फटीत हात घातला,
आणि बराच वेळ काढला नाही.

"रेतीच्या बार्जनं ठोकर मारलेली. तू तवा झाली नव्हतीस.
मिस्त्रीनं दोन फल्या बदलल्या, बाक काय परत आला नाय.
म्हनून मी उजवे कुशीला बसतंव."

मला वाटायचं, त्याला तिकडून वारा लागतो.

डावे पाय कापले, दोन बोटं वाढवून पुन्हा जोडले.
ठिणग्या चिखलात पडून चुर्र विझत होत्या.
यावेळी होडी हलली नाही.

संध्याकाळी आई डबा घेऊन आली.
या होडीची मासळी तिनं बेलापूरच्या बाजारात
बावीस वर्षं विकली.
नाळेवर नाव तिचंच, पिवळ्या रंगात: चांगुणा.
पण तळ तिनं कधी पाहिला नव्हता.
डबा माझ्या हातात देऊन ती बसत बसत खाली शिरली,
पठाणावरून हात फिरवत पुढून मागे गेली,
मधे थांबली, बहुधा त्या दोन फळ्यांपाशी,
आणि आतून ओरडली:
"कवरी मोठी हाय गो मी!"

सगळा किनारा हसला.
बाप राळेच्या डब्यात काहीतरी शोधत राहिला.

नंतरचं काम कामासारखं झालं.
भेगेत कापूस ठोकला, राळ ओतली, लाल रंगाचे दोन हात मारले.
बाप उलट्या क्रेटवर बसून, हात छातीच्या वर न नेता,
मला शिव्या देत.

पौर्णिमेला बांबूंवरून सरकवून दिली पाण्यात.
घोडा मागे राहिला, रिकामा.
दुपारी त्याच्या सावलीत एक कुत्री पिल्लांसकट आली.

आठवड्यानं रामदास तांडेल विचारत आला, भाडं किती?
म्हटलं, भाडं नको, रॉडचे पैसे दे.
आणि उजव्या पायांखाली फळ्या घाल, दोन बोटं जाडीच्या.
"का? घोडा वाकडा केलास?"
मी खाडीकडे बघितलं.
चांगुणा पुलाखालून बाहेर पडत होती,
बाप उजव्या कुशीला बसलेला.